ताईंच्या टेबलावरचं गाढव

ताईंना टीमचं प्रमुखपद मिळालं, त्यात कौतुकाचा भाग थोडा आणि नाइलाजाचा भाग फार होता. आधीचे दोन प्रमुख लागोपाठ नोकरी सोडून गेले होते, त्यातला दुसरा तर निरोपाचा केक कापायलाही थांबला नव्हता. तिसरा कुणी त्या खोलीत पाऊल टाकायला तयार होईना. तेव्हा साहेबांना आठवलं, की आपल्याकडे एक बाई आहेत, वर्षानुवर्षं टेस्टिंग करतात, कधी आवाज चढवत नाहीत आणि कशाला नाही म्हणत नाहीत. यातलं आवाजाचं तेवढं खरं होतं.

टेस्टिंग म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम आपण चालवून बघायचा आणि तो कुठे आपटतो ते शोधायचं. ताई या कामात पटाईत. शिक्षण संपल्यावर त्या आधी नुसत्या टायपिंगला लागल्या, मग लग्न झालं, मुलगी झाली, आणि मुलगी शाळेत जायला लागल्यावर या कंपनीत कुणीतरी त्यांना स्क्रीनपुढे बसवून म्हणालं, हे जरा चालवून बघा. त्यांनी चालवून बघितलं आणि विचारलं, नावाच्या जागी आकडा टाकला तर काय होईल? जन्माची तारीख पुढच्या वर्षीची टाकली तर? एकच बटण रागाने चारदा दाबलं तर? त्या दिवसापासून प्रोग्राम लिहिणारी मंडळी त्यांना येताना बघून पाठ फिरवायला लागली. कामात कसर नव्हती, पण कंपनीत बढती मिळायची ती वस्तू बनवणाऱ्यांना. तिच्यातलं वैगुण्य दाखवणाऱ्यांना वार्षिक समारंभात टाळ्या मिळायच्या, त्याही जेवणाच्या आधी, म्हणजे उरकून टाकल्यासारख्या. ताईंच्या हाताखाली शिकलेली पोरं बघता बघता प्रमुख झाली. ताई तोंडाने कधी काही बोलल्या नाहीत, मात्र बढत्या जाहीर झाल्या की त्या दिवशी घरी भांडी जरा जोरात आदळायची. नवरा चित्रकलेचा शिक्षक, स्वभावाने शांत, तो अशा दिवशी स्वयंपाकघरात फिरकत नसे.

साहेबांनी काम समजावून सांगितलं. एका मोठ्या हॉस्पिटलला औषधांची नवी व्यवस्था हवी होती. डॉक्टरने औषध लिहायचं, प्रोग्रामने मात्रा तपासायची, वॉर्डातल्या सिस्टरला नेमकं किती आणि कधी द्यायचं ते स्क्रीनवर दिसायचं. तीन महिन्यांनी हॉस्पिटलच्या मुख्य फार्मासिस्ट बाईंसमोर चाचणी होती. त्या बाईंनी सही केली तर काम राहील आणि टीमही राहील. नाही केली तर टीम मोडायची, माणसं इकडेतिकडे वाटून टाकायची आणि ताईंनी परत टेस्टिंगच्या टेबलावर जायचं.

“तुमचं काही जात नाही यात,” साहेब हसून म्हणाले.

ताईंचं सगळंच जात होतं. केसांना रंग लावायची वेळ आल्यावर पहिली संधी मिळालेल्या माणसाला दुसरी कोण देतो? त्यांना ही टीम हवी होती, आणि किती हवी होती ते त्यांनी नवऱ्यालाही धड सांगितलं नव्हतं.

खोली तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या कडेची. भिंतीला लागून सहा टेबलं, मधे प्रमुखाचं एक जुनं लांब टेबल, त्यावर कुणीतरी विसरलेला पंखा आणि सुकलेले पेन. खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाण्याचे पाइप दिसत. दारावर एक छोटा दिवा होता, त्याची हकीगत पुढे येतेच. पहिल्या दिवशी ताई आत शिरल्या आणि खूश झाल्या. काय शांतता! सगळ्यांच्या माना खाली, बोटं चालू, गप्पा नाहीत, टिवल्याबावल्या नाहीत. आधीचे दोघे एवढ्या गुणी पोरांना सोडून का पळाले, हे त्यांना कळेना.

त्या शांततेत एका टेबलावर एक कापडी गाढव बसलेलं होतं. राखाडी रंगाचं, पोट फुगलेलं, एक कान शिवणीतून सुटत आलेला. ते ज्या टेबलावर होतं त्या टेबलाच्या मालकिणीला सगळे तोफ म्हणत, कारण ती बोलायला लागली की समोरच्याने वाकायचं असा रिवाज होता. तोफेनेच ताईंना गाढवाचं प्रकरण सांगितलं, हसत हसत, पण हसताना ते गाढव तिने कोपराने थोडं लांब ढकललं.

प्रकरण असं होतं. सहा जण प्रोग्रामचे सहा तुकडे लिहितात. ते तुकडे एका ठिकाणी आणून जोडायचे असतात. जोडले की एक यंत्र आपोआप तपासून बघतं. सगळं जुळलं तर दारावरचा दिवा हिरवा, बिनसलं तर लाल. दिवा लाल झाला की म्हणायचं, बिल्ड फुटला. पहिल्या प्रमुखाने गंमत म्हणून हे गाढव आणलं होतं. ज्याच्यामुळे बिल्ड फुटेल त्याच्या टेबलावर गाढव जायचं आणि दुसऱ्या कुणाच्या हातून फुटेपर्यंत तिथेच राहायचं. गाढव हलताना सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. फोटो काढून सगळ्या कंपनीला पाठवायचा.

ताईंनाही हसू आलं. खोटं कशाला सांगा, त्यांना ते गाढव तेव्हा गोडच वाटलं.

मग पहिल्या महिन्यात ताईंनी तेच केलं जे नवे प्रमुख करतात. सकाळी एक बैठक, संध्याकाळी एक बैठक, भिंतीवर रंगीत तक्ता, त्यावर कुणाचं किती झालं त्याच्या पट्ट्या. सगळ्यांच्या पट्ट्या छान वाढत होत्या. बैठकीत प्रत्येक जण म्हणायचा, चाललंय, होतंय, जवळपास झालंय. कुणाला अडचण? कुणालाच नाही. ताई घरी जाऊन नवऱ्याला सांगायच्या, पोरं हिऱ्यासारखी आहेत. नवरा मान डोलवायचा.

महिना संपता संपता त्यांनी रंगीत तालीम ठेवली. सगळे तुकडे जोडून, हॉस्पिटलच्या चाचणीत करणार तसं पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवून बघायचं. साहेबांनाही बोलावलं, कारण ताईंना आपली हिरेमंडळी दाखवायची हौस. डॉक्टरचं पान उघडलं. औषध लिहिलं. पुढे काहीच हलेना. तोफेचा तुकडा आजोबाच्या तुकड्याला ओळखच दाखवेना. हा आजोबा म्हणजे टीममधला सर्वांत जुना माणूस, वय चाळिशीच्या आत, पण पहिल्यापासून इथेच असल्यामुळे त्याला ते नाव पडलेलं. लहान मुलांच्या औषधाची मात्रा वजनावरून काढायची असते, ते पान तर उघडल्यावर कोरंच्या कोरं होतं. दारावरचा दिवा लालभडक. साहेबांनी घड्याळ बघितलं, तक्त्यावरच्या भरगच्च पट्ट्या बघितल्या, ताईंकडे बघितलं आणि काही न बोलता निघून गेले. ते ओरडले असते तरी चाललं असतं, असं ताईंना झालं.

मुलांच्या मात्रेचं पान एका मुलाकडे होतं, त्याला सगळे मौनी म्हणत. हुशार होता, पण त्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे दगडातून पाणी काढायचं. ताई त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि हे पान कधी सुरू करणार असं विचारलं.

“झालंय,” तो म्हणाला. “कधीचंच झालंय. माझ्या मशीनवर आहे.”

“मग सगळ्यांच्यात टाकलं का नाहीस?”

 मौनीची नजर खोलीभर फिरून गाढवावर जाऊन थांबली, आणि ताईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांनी जुन्या नोंदी उघडल्या. मौनीच काय, कुणीच आठवडाभर काही टाकत नव्हतं. सोमवार ते गुरुवार सगळी सामसूम. शुक्रवारी सकाळी मात्र झुंबड, कारण जो आधी टाकेल त्याचं जुळून जायचं आणि जो मागे राहील त्याच्यावर आदळायचं. आपण काय करतोय याचा कुणी कुणाला थांगपत्ता लागू देत नव्हतं. शेजारच्याला माहीत झालं तर तो शुक्रवारी आपल्याआधी उठून टाकून मोकळा होईल! जे अवघड काम होतं, ज्यात फुटायची भीती जास्त, ते लोक आपापल्या मशीनवर उबवत बसले होते. आणि ज्या शांततेवर ताई भाळल्या होत्या ती शांतता कामाची नव्हती, भीतीची होती. सगळे मिळून मूग गिळून बसले होते, आणि ताईंनी वरून पट्ट्या रंगवल्या होत्या.

त्या संध्याकाळी घरी कपड्यांच्या घड्या घालता घालता ताईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. खोलीत सासूबाईही होत्या. सासूबाई म्हणजे एका सरकारी हॉस्पिटलात उभी हयात काढलेल्या हेड सिस्टर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण घरातल्या माणसांना अजून पेशंटसारखंच वागवायच्या. टीव्हीचा आवाज मोठा, कान मात्र दुसरीकडे, ही त्यांची जुनी सवय. गाढवाचं ऐकल्यावर त्यांनी टीव्ही बंद केला. हे त्या घरात क्वचित व्हायचं.

“ज्या वॉर्डात वर्षभर एकसुद्धा चूक झाली नाही असं सांगायचे ना,” सासूबाई म्हणाल्या, “तिथे मी आपल्या माणसाला कधी ठेवू दिलं नाही. चुका सगळीकडे होतात गं. कुठे सांगतात, कुठे दडवतात, एवढाच फरक.”

“मग तुमच्या वॉर्डात सांगायचे ते कसे काय, आई?”

“मी आधी माझी सांगायचे. रोज सकाळी, सगळ्यांच्या देखत. एखाद्या दिवशी नसलीच, तर आठवून आठवून शोधून काढायचे.” एवढं बोलून त्यांनी टीव्ही परत लावला आणि घडी नीट घातली नाही म्हणून सुनेला एक टोमणाही मारला.

गाढव उचलून कचऱ्यात टाकावं, असं ताईंच्या मनात पहिल्यांदा आलं. पण गाढव गेलं तरी टाळ्या कुठे जाणार होत्या? उद्या ही मंडळी दुसरं काहीतरी शोधून काढतील आणि ते याहून वाईट असेल. ताईंनी गाढवाला हात लावला नाही. त्यांनी आजोबाला गाठलं आणि म्हटलं, मला एक छोटं काम दे, लिहायचं काम. आजोबा चपापला. ताईंनी शिकताना कधीतरी प्रोग्राम लिहिले होते, त्याला युगं लोटली होती. त्याने वॉर्डाच्या पानावर खाटेचा नंबर दाखवायचं काम दिलं, म्हणजे लहान पोराला पोळपाटावर कणकेचा गोळा द्यावा तसं.

ताईंनी दोन दिवस खपून ते लिहिलं आणि मंगळवारी दुपारी, म्हणजे ज्या वेळी तिथे कुणी काही टाकत नसे अशा वेळी, सगळ्यांच्यात टाकून दिलं. मुद्दाम फोडायचा त्यांचा विचार होता, असं पुढे काही जण म्हणत. ते खोटं आहे. त्यांना मनापासून वाटलं होतं की चालेल. दिवा लाल झाला.

 ताई उभ्या राहिल्या. पन्नाशीकडे झुकलेल्या बाईला आपल्याहून निम्म्या वयाच्या लोकांपुढे आपलं अज्ञान मांडायचं होतं.

“फुटला,” त्या म्हणाल्या. “मी फोडला. काय चुकलं ते मला कळत नाहीये. कुणी येऊन दाखवता का?”

कुणी हललं नाही. शेवटी तोफ उठली, तिच्या टेबलावरचं गाढव उचललं आणि नियमाप्रमाणे ताईंच्या टेबलावर आणून ठेवलं. टाळ्या वाजवायला एकाने हात वर केले आणि तसेच खाली घेतले. आता तोफ ताईंच्या टेबलाशी उभीच होती, तेव्हा तिने स्क्रीनकडे बघितलं. बघितल्यावर तिला राहवलं नाही. तिने खुर्ची ओढली आणि ताईंना असं काही झापलं की आजोबा आपला चहा घेऊन बाहेर गेला. पण झापता झापता तिने चूक दाखवली, आणि दाखवताना तिच्या लक्षात आलं की तीच चूक तिच्या स्वतःच्या मशीनवरही पडून आहे, आठवडाभर. ती गप्प झाली. तोफ गप्प झालेली त्या खोलीने पहिल्यांदा बघितली.

दिवा हिरवा झाल्यावर ताईंनी एवढंच जाहीर केलं, की गाढव आता इथेच राहील. “तुम्ही कुणीही फोडा, ते माझ्या टेबलावरून हलणार नाही. या खोलीत जे फुटेल ते माझं.”

एवढ्याने काय होतं? काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही खोली तशीच चिडीचूप. ताईंनी मग सकाळच्या बैठकीचा नूर बदलला. तक्ता उतरवला. बैठकीत आधी आपण काल काय बिघडवलं ते सांगायचं, मग बाकीच्यांना विचारायचं. रोज त्यांच्याकडे सांगायला काहीतरी असायचंच, त्या बाबतीत त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. चौथ्या-पाचव्या दिवशी आजोबाने घसा खाकरला आणि म्हणाला, माझं एक आहे, जरा जुनं आहे, आणि मग त्याने जे सांगितलं ते इतकं जुनं होतं की सगळे हसले. आजोबाही हसला. ते हसू आधीच्या टाळ्यांसारखं नव्हतं, हे सगळ्यांना समजलं.

त्यानंतर दिवा दिवसातून तीन-तीनदा लाल व्हायला लागला. आवाजही सुरू झाले. हे कोणी केलं, मी केलं, ये इकडे, अरे हे बघ. खुर्च्यांची चाकं या टेबलाकडून त्या टेबलाकडे. शेजारच्या खोलीतून तक्रार आली की तुमच्याकडे बाजार भरतो. ताईंच्या कानांना ती तक्रार मधासारखी लागली.

साहेबांना नाही लागली. ते दिव्याच्या नोंदींचा कागद घेऊनच खाली आले. आधी आठवड्यात एकदा लाल होणारा दिवा आता दिवसातून तीनदा लाल होतो, म्हणजे तुम्ही आल्यापासून टीम बिघडली, असा त्यांचा सरळ हिशोब होता. पुढच्या खोलीतल्या एका प्रमुखाला यात लक्ष घालायला सांगावं का, असंही त्यांनी सुचवलं. ते अगदी गोड शब्दांत सुचवलं, आणि गोड शब्दांतलं ते सुचवणं म्हणजे काय हे ताईंना चांगलं कळत होतं.

ताई एरवी अशा वेळी मनात नाही आणि तोंडाने हो म्हणून मोकळ्या झाल्या असत्या. त्या दिवशी त्यांच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. त्या म्हणाल्या, “साहेब, आधी एकदा लाल व्हायचा आणि दोन दिवस लालच राहायचा. आता होतो आणि तुमचा चहा संपायच्या आत हिरवा होतो. माझ्या माणसांना चाचणीपर्यंत हात लावू नका. चाचणीत आपटलो तर मीच टेबल रिकामं करते.”

साहेबांनी भुवया उंचावल्या. ठीक आहे, चाचणीच्या दिवशी बघू, म्हणाले. आपण काय बोलून बसलो, हे ते गेल्यावर ताईंच्या ध्यानात आलं.

राहिला मौनी. सगळी खोली बोलायला लागली तरी हा पठ्ठ्या आपलं पान छातीशी धरून बसलेला. ताईंनी त्याला उपदेश केला नाही. रोज दुपारी त्याच्या शेजारी बसायचं आणि म्हणायचं, मला समजावून सांग, मला काही येत नाही. हे खरंच होतं, त्यामुळे नाटक करावं लागलं नाही. मौनी आधी एका शब्दात सांगायचा, मग दोन शब्दांत. दहा किलोच्या मुलाला किती, वीस किलोच्याला किती, आणि मूल अगदीच तान्हं असेल तर. सांगता सांगता तो एका जागी अडला. इथे मलाच खात्री नाही, म्हणाला. ताई म्हणाल्या, मग सगळ्यांनाच विचारू या की.

त्याने टाकलं. दिवा लाल झाला. मौनीच्या तोंडाचं पाणी पळालं. पण तोफ तोवर त्याच्या टेबलाशी पोचलीसुद्धा होती, आजोबा तिच्या मागे, बाकीचेही उठलेले. कुणी विचारलं नाही की कोणी फोडला. तोफ त्याच्या खांद्यावर थाप मारून म्हणाली, हे एवढं मोठं एकटा वाहत होतास होय रे? त्या दुपारी मौनीने स्वतःच्या टेबलाशी उभं राहून आपलं पान सगळ्यांना उलगडून दाखवलं. ताई मागच्या खुर्चीत बसून ऐकत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी येत होतं, ते त्यांनी लपवलंही नाही.

चाचणीचा दिवस उजाडला. हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर एक लांब खोली, भिंतीवर मोठा पडदा, एका बाजूला दोन सिस्टर आणि मुख्य फार्मासिस्ट बाई, दुसऱ्या बाजूला टीम, मधे साहेब. फार्मासिस्ट बाई उंच, करड्या, चष्मा साखळीला लावलेला. त्या हसत नव्हत्या. त्यांनी आणलेले पेशंट, म्हणजे कागदावरचे, एकेक करून सिस्टरनी भरायला घेतले. मोठ्यांची औषधं झाली. दोन औषधं एकमेकांना चालत नाहीत तिथे पडद्यावर सूचना आली, बाईंनी मान हलवली. मग मुलांची पाळी. दहा किलोचं मूल, बरोबर. वीस किलोचं, बरोबर. तान्हं बाळ, बरोबर. एका मुलाचं वजन सिस्टरने आधी चुकून जास्त टाकलं, मग दुरुस्त केलं आणि ती पुढच्या पानावर गेली. बाईंनी चष्मा काढला. साहेबांनी सहीचा कागद पुढे सरकवला. ताईंची नजर बाईंच्या चेहऱ्यावर खिळलेली होती, आणि एवढी वर्षं टेस्टिंग केलेल्या ताईंना त्या क्षणी पडद्याकडे बघायचं सुचलं नाही.

“थांबा,” कुणीतरी म्हणालं.

मौनी उभा राहिला होता. चेहरा पांढराफटक.

“मागच्या पानावर जा. वजन बदललं तरी मात्रा जुन्याच वजनाची राहिली. ती चुकीची आहे. चूक माझी आहे.”

सिस्टरने मागचं पान उघडलं. खरंच होतं. वजन नवं आणि मात्रा जुनी, म्हणजे जास्त.  साहेबांचा हात कागदावर तसाच राहिला आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.  टीम गेली, असं ताईंना स्पष्ट वाटलं. टेबल रिकामं करायचं, पोरं वाटली जायची, आपण परत कोपऱ्यात. आणि तरी, खरं सांगायचं तर, त्याच क्षणी त्यांना त्या मुलाचा एवढा अभिमान वाटला की दोन्ही गोष्टी एकदम कशा मावल्या कुणास ठाऊक.

फार्मासिस्ट बाईंनी शांतपणे विचारलं, हे दुरुस्त व्हायला किती वेळ लागेल. साहेब तोंड उघडणार तोच तोफ म्हणाली, सांगते, पाच मिनिटं द्या. तोवर आजोबाने लॅपटॉप उघडला होता. सहाही जण एका टेबलाभोवती जमले, कुणी कुणाला दोष दिला नाही, कुणी सारवासारव केली नाही. मौनी सांगत होता, आजोबा लिहीत होता, तोफ प्रत्येक ओळ मोठ्याने वाचत होती. एकदा चुकलं, परत केलं. दोन्ही सिस्टर खुर्च्या सोडून मागे येऊन उभ्या राहिल्या आणि वॉर्डात वजन कसं बदलतं, कधी कधी दिवसातून दोनदा, ते सांगायला लागल्या. त्यातून आणखी एक फट सापडली, तीही बुजवली. सगळ्यांसाठी आलेला चहा कपातच गार झाला.

मग बाईंनी स्वतः खुर्ची घेतली. त्यांनी वजन बदललं, परत बदललं, मुद्दाम वेडंवाकडं टाकलं. मात्रा प्रत्येक वेळी वजनामागोमाग बदलली. दुपारी त्यांनी आणखी एका वॉर्डातून खरे जुने केसपेपर मागवले आणि तेही भरायला लावले. साहेब मधून मधून घड्याळ बघत होते, आणि बाई साहेबांकडे अजिबात बघत नव्हत्या.

शेवटी त्यांनी कागद ओढून घेतला.

“याआधी दोन कंपन्यांनी आम्हाला याच खोलीत सगळं बरोबर करून दाखवलं होतं,” त्या म्हणाल्या. “चुका मग वॉर्डात सापडल्या. माझ्या सिस्टरना. इथे उभं राहून आपली चूक सांगणारा माणूस मी आज पहिल्यांदा बघते आहे. ज्यांच्याकडे अशी माणसं आहेत त्यांना मी माझे वॉर्ड देईन.” आणि त्यांनी सही केली, मुलांचा वॉर्डसुद्धा धरून.

टीममधल्या कुणीतरी आरोळी ठोकली, हॉस्पिटल आहे हे विसरून. सिस्टरनी डोळे वटारले आणि स्वतःच हसायला लागल्या. तोफेने आजोबाला एवढ्या जोरात मिठी मारली की त्याचा चष्मा पडला.

ताई जरा बसायला म्हणून बाहेरच्या बोळात आल्या. साहेब मागोमाग आले. टीम आहे तशीच राहील, त्यांनी सांगितलं, आणि पुढचं कामही याच लोकांकडे, ताईंच्याच हाताखाली. पुढच्या खोलीतल्या प्रमुखाचं नाव त्यांनी काढलं नाही. थोडं थांबून त्यांनी जे मनात सलत होतं ते विचारलं.

“तो पोरगा बोलला नसता, तर सही तासाभरात मिळाली असती ना?”

“अर्ध्या तासात मिळाली असती,” ताई म्हणाल्या. “आणि पहिल्याच आठवड्यात एखाद्या लेकराला जास्तीचं औषध गेलं असतं.”

 उघड्या दारातून आतलं दिसत होतं. मौनी पडद्यासमोर उभा होता, फार्मासिस्ट बाई आणि दोन्ही सिस्टर त्याच्याभोवती, आणि तो बोटाने दाखवत, मधेच स्वतःला दुरुस्त करत, न थांबता बोलत होता. त्याच्या मदतीला टीममधलं कुणी उभं नव्हतं, आणि त्याला कुणाची गरजही दिसत नव्हती.

“हा इतका बोलतो?” साहेबांनी विचारलं.

“आता बोलतो,” ताई म्हणाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा साहेबांना बाहेर उभं ठेवून त्या ऐकायला आत गेल्या.